‘चल’ : एका शब्दाची खोपोलीय मीमांसा

१. विषयप्रवेश

नव्या माणसाला कामाला कसं लावावं, यावर ग्रंथ कमी नाहीत. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, आयटीआयची पुस्तकं आहेत, आणि मोठ्या कंपन्यांत तर या विषयाला वेगळं खातं, वेगळा मजला आणि वेगळा एसी असतो. मात्र ज्या एका शब्दाने माणूस खरोखर कामाला लागतो, त्या शब्दावर कोणी चार ओळी लिहिल्याचं आमच्या पाहण्यात नाही. तो शब्द आहे ‘चल’. ही उणीव भरून काढावी म्हणून हा प्रबंध. त्याचं क्षेत्र खोपोलीपुरतंच ठेवलं आहे, कारण लेखकाला इतरत्र कोणी ‘चल’ म्हटलेलं नाही.

२. नवागताची मूळ अवस्था

पहिला दिवस. टाइम ऑफिसातून गेटपास मिळालेला. सेफ्टीचे बूट एक नंबर मोठे, हेल्मेट डोक्यावर पातेलं पालथं घातल्यासारखं. नवागत खात्याच्या दारात उभा. आत सगळ्यांना आपापलं काम ठाऊक आहे, मशीनलासुद्धा. फक्त यालाच आपल्या हातांचं काय करावं ते कळत नाही. खिशात घातले तर उर्मटपणा, पाठीमागे बांधले तर साहेबी थाट, पुढे जोडून धरले तर देवळात आल्यासारखं दिसतं. या अवस्थेला आम्ही ‘हस्तप्रश्न’ असं नाव देतो.

हस्तप्रश्न तीन मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकतो. मग आतून कोणीतरी तेलकट हात चिंधीला पुसत येतो आणि नवागताकडे न बघता म्हणतो, “चल.” त्या क्षणी नोकरी सुरू होते. नेमणूकपत्रावर असते ती नुसती तारीख.

आमच्या बाबतीत हा शब्द उच्चारणारे गृहस्थ मेंटेनन्सचे फिटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. खोपोलीच्या ज्या कारखान्यात हे घडलं त्याचं नाव सांगण्याचं कारण नाही. प्रत्येक कारखान्यात असा एक मामा असतोच, आणि तो कोणाच्या आईचा भाऊ आहे याची चौकशी कोणी करत नाही.

३. ‘मेंटर’ शब्दाचा ऊहापोह

पुढे सूचनाफलकावर कागद लागला: ‘प्रत्येक नवीन कर्मचाऱ्यास एक मेंटर देण्यात येईल.’ फिटर मंडळी खूश झाली. त्यांना वाटलं, मेंटर म्हणजे मेंटेनन्सचा माणूस, चला, एक माणूस वाढला. एका हेल्परने शंका काढली की हे मीटरसारखं काहीतरी असणार, कोणी किती काम केलं ते दाखवणारं. त्यावर दोन दिवस खात्यात चिंतेचं वातावरण होतं.

खरं मूळ ग्रीसमध्ये आहे. होमरच्या ‘ओडिसी’त युद्धावर गेलेल्या ओडिसियसने आपलं घरदार मेंटॉर नावाच्या मित्राच्या हवाली केलेलं असतं. पण ओडिसियसच्या मुलाला वेळोवेळी जो शहाणपणाचा सल्ला मिळतो, तो बहुतेक वेळा मेंटॉरचा नसतोच. अथीना देवी मेंटॉरचं रूप घेऊन येते आणि ती बोलत असते. म्हणजे काम केलं एकाने आणि नाव झालं दुसऱ्याचं. ज्यांनी कारखान्यात नोकरी केली आहे त्यांना ही कथा फोड करून सांगावी लागत नाही.

पुढे १६९९ साली फेनेलाँ या फ्रेंच धर्मगुरूची टेलेमाकसवरची कादंबरी बाहेर आली. चौदाव्या लुईच्या नातवाचे शिक्षक असताना त्यांनी ती आपल्या या शिष्यासाठी लिहिली होती. तिच्यात मेंटॉर पानोपानी उपदेश करतो, आणि तिथून ते विशेषनाम सामान्यनाम झालं. खोपोलीचाही फ्रेंचांशी संबंध आहे. १९६२ साली निघालेली महिंद्र युजीन, म्हणजे खोपोलीकरांची ‘मस्को’, फ्रेंच युजीनच्या तांत्रिक सहकार्याने उभी राहिली. पण ‘मेंटर’ हा शब्द त्या वाटेने आल्याचा पुरावा नाही. तो मुंबईहून आला असावा, आणि एक्सप्रेसवेने आला असावा, कारण वाटेत तो कुठेही थांबलेला दिसत नाही.

आपल्याकडे तालमीत वस्ताद आहे, मठात गुरू आहे आणि कुलपाला गुरुकिल्ली आहे. कारखान्यात मात्र विचारतात, “कोणाच्या हाताखाली शिकलास?” या प्रश्नात ना गुरू, ना शिष्य. आहे तो फक्त हात. ‘चल’ हा त्या हाताचा शब्द आहे.

४. रूपविचार

‘चल’ हे आज्ञार्थी एकवचन. पण त्याची सगळी रूपं एका अर्थाची नाहीत. त्यांचं वर्गीकरण पुढीलप्रमाणे.

*केवल ‘चल’.* याला कर्म नाही, स्थळ नाही, काळ नाही. हे ऐकल्यावर “कुठे?” असं विचारायचं नसतं. विचारलं तर सांगणारा थांबतो, वळून बघतो आणि नवागताला निदान आठवडाभर ‘कुठे’ हेच नाव पडतं. लेखकाला ते सव्वा महिना होतं.

*‘चल ना’.* मुंबईकडून लोकलने येणारे म्हणतात. यात विनंती आहे, म्हणून जोर कमी.

*‘चल की’.* घाटावरचे, त्यातून सातारा-सांगली-कोल्हापूरकडचे म्हणतात. खोपोलीच्या कारखान्यांत कोकणातला आणि घाटावरचा माणूस एकाच बाकावर डबा उघडतो. त्यामुळे कोण कुठला हे नेमप्लेट न वाचता या ‘की’वरून कळतं.

*‘चल गं’.* हे लॅबमध्ये ऐकू येतं आणि बाईच बाईला म्हणते. पाठोपाठ “डब्यात काय आणलंस?” हा प्रश्न येतो. पुरुषांत ज्या प्रक्रियेला तीन तास लागतात ती इथे चार मिनिटांत पुरी होते. तिचा अभ्यास करायला लेखकाला आत घेतलं गेलं नाही.

*‘चला’.* आदरार्थी. हे डिप्लोमा-डिग्रीवाल्या ट्रेनी इंजिनिअरला म्हणतात. दिसायला मान, प्रत्यक्षात दुर्दैव. ज्याला पहिल्याच दिवशी ‘चला साहेब’ म्हटलं गेलं, त्याला पाना कसा धरायचा हे पुढे कोणी सांगत नाही. साहेबाला कसं सांगायचं?

*‘चल, चल!’* द्विरुक्त. अर्थ अगदी उलटा: ‘तुझ्यावर विश्वास नाही.’ हे नवागताने पगार किती ठरला ते सांगितल्यावर येतं.

*‘चल!!’* ओरडून. हे एकदाच ऐकलं. क्रेनवरून कॉइल येत होती आणि आम्ही खाली उभं राहून सूचनाफलक वाचत होतो. फलकावर ‘क्रेनखाली उभे राहू नये’ असं लिहिलेलं होतं. शब्द कानावर पडायच्या आत पाठीवर हात पडला आणि आम्ही दोन पावलं पुढे गेलो. या रूपावर भाष्य नाही.

रूपविचारातून एक नियम निघतो. ‘चल’ वरून खाली येतो, खालून वर जात नाही. याला दृष्टांत गावातच आहे. वर लोणावळ्याला वळवण, शिरवता वगैरे तलावांत टाटांनी पाणी अडवलं आणि ते नळांतून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीच्या पॉवरहाउसवर सोडलं. १९१५ साली तिथून वीज निघाली आणि मुंबईच्या गिरण्या तिच्यावर फिरू लागल्या. पाणी वरून खाली येतं तेव्हा वीज तयार होते. तेच पाणी खालून वर चढवायचं म्हटलं तर वीज खर्च होते. जुन्या माणसाने नव्याला ‘चल’ म्हणावं, नव्याने जुन्याला म्हणू नये, याचं भौतिकशास्त्रीय कारण हेच. शिवाय टर्बाइन फिरवून झाल्यावर ते पाणी वाया जात नाही. पाताळगंगेत जातं, आणि खालच्या गावांना आणि कारखान्यांना पुरतं. मामांचंही तसंच होतं. आमच्यावर जो राग काढून व्हायचा, त्याच्या उरलेल्या ओघात शेजारचं खातंही शिकायचं.

५. चल आणि अचल

संस्कृतात पर्वताला ‘अचल’ म्हणतात. खोपोली या अचलाच्या पायथ्याशी आहे. चढणाऱ्याला चार घटका टेकू देऊन मग ‘चल’ म्हणायचं, हा या गावाचा मूळ धंदा. नाना फडणविसांनी इथे तळं बांधलं, वीरेश्वराचं देऊळ बांधलं. घाट चढण्यापूर्वी माणसाने पाणी प्यावं, पाय धुवावेत, देवाचं नाव घ्यावं, एवढी व्यवस्था झाली.

वाट दाखवणाऱ्यांमध्ये पहिला मान शिंग्रोबाचा. लोककथा अशी की इंग्रज इंजिनिअरांना बोरघाटातून वाट सापडेना. घाटात मेंढरं चारणाऱ्या शिंग्रोबा धनगराने ती दाखवली. ‘बक्षीस काय हवं?’ असं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि त्याला गोळी घातली गेली. ही वाट रस्त्याची की रेल्वेची, याबद्दल पाठभेद आहेत. घाटातला गाडीरस्ता १८३०चा, रेल्वे १८६३ची. जुन्या हमरस्त्यावर त्याचं देऊळ आहे आणि ट्रकवाले अजून तिथे नाणं टाकून पुढे जातात. आमच्या शास्त्राच्या दृष्टीने शिंग्रोबाचं चुकलं ते एवढंच, की त्याने ‘चल’ म्हटल्यानंतर हिशेबही मागितला. वाट दाखवणाऱ्याने हिशेब मागितला की वरची मंडळी चिडतात. हे १८६३ नंतरही बदललेलं नाही.

दुसरं उदाहरण ‘चल’ न मिळालेल्या नवागताचं. सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज ठेकेदार घाटातल्या रेल्वेचं काम घेऊन १८५९ साली आला आणि थोड्याच आठवड्यांत आजाराने गेला. मागे राहिली पत्नी अॅलिस. गाव परकं, हवा परकी, २५ बोगद्यांचं काम अर्धवट. तिने ठेका सोडला नाही. दोन अनुभवी इंजिनिअर हाताशी घेऊन तो पुढे नेला. एके काळी घाटात ४२,०००च्या वर माणसं राबत होती. त्यांतली कितीतरी रोगराईने आणि अपघाताने तिथेच राहिली. अॅलिसबाईंना पहिल्या दिवशी कोणी मेंटर दिला नव्हता. त्या ४२,०००ना तर हेल्मेटही दिलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. मुंबईहून निघालेली रेल्वे १८५६ साली खोपोलीपर्यंत आली आणि इथेच संपली. पुण्याला जाणाऱ्याने इथे उतरायचं, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी धरायची. वरचा खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. सारा मुलुख घाट चढताना खोपोलीच्या हाताखालून जात होता. १८६३ साली घाटातली रेल्वे झाली. ती पळसदरीहूनच डोंगराला लागली आणि खोपोली बाजूला पडली. ज्या गावाने सगळ्यांना पायथ्यापर्यंत आणलं ते शाखामार्गाचं शेवटचं स्टेशन होऊन राहिलं. केळवली, डोळवली, लौजी करत आपली एकेरी लाइन तिथे येते आणि थांबते. आजही एक गाडी चुकली की पुढची यायला बराच वेळ असतो, आणि तेवढ्या वेळात बाकावर कोणीतरी कोणाला तरी काहीतरी शिकवतं.

मेन लाइनवर मात्र दुसरी सोय झाली. घाटाचा चढ ३७ फुटाला १ फूट. पुढचं इंजिन एकटं गाडी ओढू शकत नाही, म्हणून कर्जतला मागून जास्तीची इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. कर्जतला प्रवासी दिवाडकरांच्या वड्यांकडे धावलेले असतात, तेवढ्यात मागे एक धक्का बसतो. बँकर लागलेले असतात. ती घाटभर मागून रेटतात आणि लोणावळ्याला सुटतात. तिकिटावर त्यांचं नाव नाही, वेळापत्रकात नाही, डब्यातल्या माणसाला त्यांचं तोंडही दिसत नाही. २०२३ साली सुरू झालेली सोलापूरची वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. अशा हुशार उमेदवारांना खोपोलीत ‘डायरेक्ट सुपरवायझर’ म्हणतात. पण मालगाडी आणि आमच्यासारखे लोक अजून धक्क्यानेच चढतात.

६. दोन न्याय

नवागताला कसं वर न्यायचं याविषयी भारतीय तत्त्वज्ञानात दोन न्याय आहेत. मांजर पिलाला तोंडात धरून नेतं, पिलाने नुसतं लोंबकळायचं. हा मार्जारन्याय. माकडीण उडी मारते, पिलाने तिच्या पोटाला घट्ट धरून राहायचं. हा मर्कटन्याय. भक्तिसंप्रदायांत या दोहोंवर मोठे वाद झाले. बोरघाटात मंकी हिल आहे, मार्जार हिल नाही. एवढ्यावरून इथला पक्ष कोणता ते कळावं.

मामा कट्टर मर्कटपक्षाचे. ते कधीही “आता बघ, मी दाखवतो” म्हणाले नाहीत. ते भराभर काम करत आणि आपण त्यांना चिकटून राहायचं. १९चा पाना मागायच्या आधी हातात द्यायचा. २०-२२चा दिला तर ते तो जमिनीवर ठेवत. फेकत नसत, ठेवत. फेकलेलं परवडलं असतं.

मांजराचा उल्लेख आला म्हणून दुसरीही कथा लक्षात घेतली पाहिजे. वाघाच्या मावशीने वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं शिकवलं नाही. वस्तादही एक डाव राखून ठेवतो म्हणतात. मामांचा राखीव डाव बेअरिंग ऐकण्याचा होता. चालू मोटरच्या बेअरिंगच्या घरावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं. आम्ही विचारलं, काय ऐकू येतं? म्हणाले, “ऐक.” वर्षभर आम्ही ऐकलं. नुसती घरघर. आम्हाला वाटलं, मामा डाव राखतात. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्रपाळीला घरघरीत मध्येच एक बारीक किरकिर सापडली, दाताखाली खडा आल्यासारखी. आम्ही मामांकडे बघितलं. ते आधीच नवं बेअरिंग आणायला स्टोअरकडे निघाले होते. डाव राखलेला नव्हता. सांगता येण्यासारखा नव्हता, एवढंच.

७. अर्धा किलोव्होल्ट : एक प्रयोग

मराठीत ‘मामा बनवणे’ म्हणजे फसवणे. खात्यातल्या मामाने नवागताला मामा बनवणे हा या शास्त्रातला एकमेव प्रयोग, बाकी सगळं निरीक्षण.

तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, “स्टोअरमधून अर्धा किलोव्होल्ट घेऊन ये.” आम्ही गेलो. स्टोअरकीपर म्हणाला, “अर्धा किलो सुटा द्यायला हे काय वाण्याचं दुकान आहे? अख्खा घ्यावा लागेल. स्लिपवर साहेबांची सही आण.” साहेबांचं ऑफिस दुसऱ्या टोकाला, वजनकाट्याच्या पलीकडे. साहेबांनी चष्मा वर केला, स्लिप दोनदा वाचली, ‘स्टॉक बघून द्यावे’ असा शेरा मारला आणि खाली सही केली. परत स्टोअर. स्टॉक संपला, कँटीनजवळच्या सबस्टेशनवाल्याला विचार. सबस्टेशनवाला म्हणाला, कालच सगळा मुंबईला गेला.

तासाभराने आम्ही रिकाम्या हाताने परतलो तेव्हा सगळं खातं काम सोडून हसत होतं. पुढे महिनाभर आम्ही मनातून चिडलेले होतो. नंतर कळलं की त्या एका तासात आम्ही स्टोअर, वजनकाटा, साहेबांचं ऑफिस आणि सबस्टेशन पाहिलं, चौघांशी बोललो, आणि चौघांनाही आमचं तोंड कायमचं पाठ झालं. पुढच्या आठवड्यात कंपनीने ओळखवर्ग घेतला. पडद्यावर कारखान्याचा नकाशा दाखवला तेव्हा त्यावरच्या सगळ्या जागी आम्ही आधीच हसं करून घेऊन आलो होतो.

प्रयोगाला एक मर्यादा आहे. पॅनेलजवळ, भट्टीजवळ आणि क्रेनखाली मस्करी नाही. तिथे मामांचा आवाजच बदलत असे.

८. चहाप्रकरण

१९४८च्या फॅक्टरी अॅक्टचं तो लागू असताना आम्ही या दृष्टीने सूक्ष्म अध्ययन केलं. कलम ४४ सांगे, उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी. कलम ४६ सांगे, २५०हून जास्त कामगार असतील तिथे कँटीन काढायला भाग पाडता येईल. कलम ५५ सांगे, सलग पाच तासांहून जास्त काम नको, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती हवी. अर्धा तास दिला, कँटीन दिलं, बाक दिला. पण पहिल्या दिवशी त्या बाकावर नवागताने नेमकं कुठे बसायचं, यावर कायदा मौन पाळतो.

हे मौन घातक आहे, कारण प्रत्येक बाकावर प्रत्येकाची जागा ठरलेली असते. खिडकीजवळची जागा बॉयलरवाल्याची, कारण तो दिवसभर उन्हाळ्यात असतो. नळाजवळची जागा युनियनच्या माणसाची, कारण प्रत्येकाला हात धुवायला तिथे यावंच लागतं. दारातली जागा ज्याला सारखा ओव्हरटाइम लागतो त्याची. उरलेली जागा पंख्याखालची, पण तो पंखा टोपी उडवतो. आम्ही ताट घेऊन उभे. हस्तप्रश्न पुन्हा उद्भवलेला, फक्त आता हातात आमटी होती. मामा थोडे सरकले. हे ‘चल’चं मूक रूप मानावं.

त्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मामा गेटबाहेर म्हणाले, “चल.” टपरीवर दोन कटिंग आले. आम्ही खिशात हात घातला. मामा म्हणाले, “ठेव. लिहून ठेवतो.” आम्हाला वाटलं, विनोद. पण पुढेही प्रत्येक वेळी तेच वाक्य. पावसाळ्यात घाटावरून पाणी दोरखंडासारखं लोंबायला लागलं की चहाला रमाकांतच्या वड्याची जोड मिळे, आणि मामा म्हणत, “वडा वेगळा लिहितो.” वही कधी दिसली नाही.

चहा पिताना जे कळे ते कोणत्याही नियमावलीत नव्हतं. पगाराच्या स्लिपमधली कोणती ओळ वाचायची आणि कोणती सोडायची. रजेचा अर्ज मंगळवारी द्यावा, सोमवारी साहेब पुण्याहून घाट उतरून आलेले असतात. कर्जतच्या गाडीत कोणत्या बाजूला ऊन येतं. गेटवरच्या कुत्र्याला पोळी घालायची, नाहीतर तो रात्रपाळीला ओळख दाखवत नाही. बारीकसारीक गोष्टी, पण रोज लागणाऱ्या. मोठ्या गोष्टी माणूस पुस्तकात वाचून घेतो. ज्या लहान आहेत म्हणून कोणी लिहून ठेवत नाही, त्या सांगायला मात्र शेजारी माणूस लागतो.

९. पूर्वपक्ष आणि खंडन

पूर्वपक्ष असा की हे सगळं नशिबावर सोपवलेलं आहे. ज्याला मामा भेटला तो तरला, ज्याला नाही भेटला तो दारातच उभा. कंत्राटी पोरं तर सहा महिन्यांत बदलतात, त्यांना ‘चल’ म्हणायला कोणाला सवड? म्हणून नेमून दिलेला मेंटर हवा, फॉर्म हवा, मुदत हवी.

आक्षेप वजनदार आहे आणि त्याचं पूर्ण खंडन आमच्याकडे नाही. मामांनाही आमचा मेंटर नेमलं होतं आणि दरमहा फॉर्म आला होता. ‘या महिन्यात काय शिकवले?’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, “शिकतोय.” पुढच्या महिन्यात, “अजून शिकतोय.” तिसऱ्या महिन्यात साहेबांनी बोलावून सविस्तर लिहायला सांगितलं. मामांनी लिहिलं, “पाना बरोबर देतो.” साहेबांना हे अपुरं वाटलं. आम्ही मात्र तो कागद वाचून त्या रात्री जेवताना दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

फॉर्म वाईट नाही. त्याने एक होतं, दारात उभ्या असलेल्या पोराचं नाव कुठेतरी लिहिलेलं असतं. पण ज्याच्यापुढे ते नाव लिहिलं आहे, त्याने सरकून जागा केली पाहिजे. तेवढं फॉर्मला जमत नाही.

१०. एक अपवाद

रूपविचारात नियम सांगितला की ‘चल’ खालून वर जात नाही. त्याला एक अपवाद आढळला, तो नोंदवून प्रबंध संपवतो.

मामा निवृत्त झाले तो महिन्याचा शेवटचा दिवस. खात्यात भाषणं झाली, शाल दिली, नारळ दिला, सपत्नीक फोटो झाला. फर्स्ट शिफ्ट सुटली. मामी आणि मुलगा पुढे रिक्षा बघायला गेले. मामांनी हेल्मेट टाइम ऑफिसात जमा केलं, गेटपास दिला आणि गेटच्या बाहेर येऊन उभे राहिले. तीस-बत्तीस वर्षांत ते या जागी कधी थांबले नव्हते, सरळ टपरीकडे नाहीतर स्टेशनकडे निघून जात. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात शालीची पिशवी. नारळ त्यांनी उजव्या हातातून डाव्यात घेतला, मग पुन्हा उजव्यात. आम्ही लांबून पाहिलं. हस्तप्रश्न.

जवळ जाऊन आम्ही म्हणालो, “चला, मामा.”

व्याकरणदृष्ट्या रूप आदरार्थी होतं, म्हणजे नियम पुरता मोडला असं म्हणता येत नाही. मामांनी “कुठे?” विचारलं नाही. टपरीवर दोन कटिंग आले. मुलगा रिक्षा घेऊन आला, त्याला मामांनी हातानेच ‘थांब’ म्हटलं. या वेळी आम्ही पैसे काढले तेव्हा ते काही बोलले नाहीत. चहा संपवला, ग्लास उलटा करून शेवटचा थेंब टाकला आणि नारळ काखेत धरून उठले.

“एक फिटला,” ते म्हणाले, आणि रिक्षात बसले.